जखमेची अनुपलब्धी : देहवाचन आणि संहितावाचन

१

मृतदेह बोलतो, असे न्यायवैद्यकशास्त्राच्या संदर्भात नेहमी म्हटले जाते. संहिता बोलते, असे साहित्याचे अभ्यासक म्हणतात. दोन्ही विधानांमागे एकच रूपक आहे आणि ते दोन्हीकडे सारखेच फसवे आहे. जखम बोलत नाही. ती वाचली जाते. वाचणारा कोणीतरी असतो, त्याची एक भाषा असते, त्याच्यापुढे एक छापील नमुना असतो आणि त्यातील रकाने त्याला भरावयाचे असतात. ‘बोलते’ या क्रियापदामुळे हा वाचणारा दृष्टीआड होतो आणि त्याच्या वाचनाची जबाबदारी परस्पर मृतावर टाकली जाते.

महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूचे वाचन निदान दोनदा होते. प्रथम पोलीस अधिकारी पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो. त्यानंतर वैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतो. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १७४ने ठरविलेली ही रीत १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली चालू आहे. पंचनामा मराठीत लिहिला जातो, शवविच्छेदनाचा अहवाल बहुधा इंग्रजीत. पंचनाम्यात देहाचे वर्णन आणि मृत्यूच्या कारणाविषयीचे पंचांचे मत एकाच दमात, एकाच वाक्यरचनेत येते. अहवालाच्या नमुन्यात मात्र बाह्य इजांचा रकाना वेगळा, अंतर्गत अवयवांचा वेगळा आणि मताची जागा अगदी शेवटी असते. ही रचना केवळ कार्यालयीन सोय नव्हे. तीत एक वाचनसिद्धान्त आहे. वर्णन आणि अर्थनिर्णयन यांच्यामध्ये अंतर राखले पाहिजे, हा तो सिद्धान्त होय.

हे अंतर जखम असते तेव्हा राखणे त्या मानाने सोपे असते. कठीण प्रसंग येतो तो जखम नसते तेव्हा. ‘इजा आढळून आली नाही’ हे वर्णन आहे. ‘म्हणून अमुक घडले नाही’ हे अर्थनिर्णयन आहे. या दोन वाक्यांमधील ‘म्हणून’ कोठून येतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो न्यायवैद्यकाइतकाच समीक्षेचाही आहे, हे पुढे दिसून येईल.

२

प्रथम जखम असते तेव्हाच्या वाचनाचा विचार करणे योग्य ठरेल. पीअर्सच्या चिन्हविचारात जखम हे निर्देशक चिन्ह होय. धुराचा अग्नीशी, पावलाच्या ठशाचा पावलाशी जसा कार्यकारणाचा संबंध असतो, तसा जखमेचा आघाताशी असतो. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रांची पारख करणारा मोरेल्ली, मनोविश्लेषक फ्रॉइड आणि डॉइलचा शेरलॉक होम्स यांना एका सूत्रात गुंफले, ते याच आधारावर. क्षुल्लक वाटणाऱ्या खुणेवरून अदृश्य घटनेकडे जाणारी ज्ञानपद्धती त्यांना तेथे दिसली. परंतु निर्देशक चिन्ह कारणाच्या अस्तित्वाची ग्वाही देते. त्या कारणाचे स्वरूप आणि त्यामागचा हेतू यांची ग्वाही ते देत नाही.

न्यायवैद्यकाची पाठ्यपुस्तके या मर्यादेने भरलेली आहेत. डोक्याच्या त्वचेखाली लगेच कवटीचे हाड असल्याने काठीच्या घावाने त्वचा अशी सरळ फाटू शकते की जखम धारदार शस्त्राची वाटावी. भिंगाखाली पाहिले तरच जखमेच्या तळाशी दोन कडांना जोडणारे, न तुटलेले धागे दिसतात आणि काठी व कोयता यांतला फरक उलगडतो. मृत्यूनंतर रक्त गुरुत्वाकर्षणाने देहाच्या खालच्या भागात उतरते आणि तेथे पडणारे डाग मुक्या मारासारखे भासतात. छेद घेऊन पाहिल्यास पहिल्यातले रक्त वाहिन्यांतच असते, पाण्याने निघून जाते. दुसऱ्यातले ऊतींमध्ये पसरलेले असते, धुतले तरी जात नाही. मुंग्यांनी खाल्लेली त्वचा खरचटल्यासारखी दिसते. गळफासाचा व्रण सहसा मानेवर उंच, तिरकस आणि गाठीपाशी खंडित असतो. दोरीने गळा आवळल्याचा व्रण खाली, आडवा आणि अखंड. तथापि, पाय जमिनीला टेकलेल्या अर्धवट अवस्थेतील गळफासाने आडवा व्रणही उमटू शकतो.

सर्वांत बोलके, म्हणजेच सर्वांत फसवे, उदाहरण जळालेल्या देहाचे आहे. कोपर आणि गुडघे दुमडलेले, मुठी आवळलेल्या, जणू देह कोणाशी झुंजत होता अशी ही मुद्रा असते. मुष्टियोद्ध्याची मुद्रा असेच तिला म्हटले जाते. प्रत्यक्षात ती उष्णतेने स्नायू आकसल्याचा परिणाम आहे आणि मृत्यूनंतर जाळलेल्या देहातही ती तशीच येते. व्यक्ती आग लागली तेव्हा जिवंत होती की नाही, याचे उत्तर त्या नाट्यमय मुद्रेत नसून श्वासनलिकेतील काजळीत आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइडच्या प्रमाणात असते. ‘स्टोव्हचा भडका उडून’ ही शब्दावली महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एका काळी जवळजवळ सूत्रबद्ध झाली होती. १९८३मध्ये कलम १७४मध्ये दुरुस्ती होऊन विवाहानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद रीतीने मरण पावलेल्या स्त्रीच्या बाबतीत विशेष तपासणीची तरतूद करावी लागली, ती अशा सूत्रांनी वाचन थांबवू नये म्हणूनच.

तात्पर्य, चिन्ह जितके अर्थाच्या जवळ दिसते तितका वाचकाने अधिक सावधपणा बाळगावयास हवा. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त आनंदवर्धनाच्या ध्वनीसिद्धान्तावर हाच आक्षेप वेगळ्या क्षेत्रात घेतला होता. व्यंजना नावाची स्वतंत्र शक्ती मानण्याचे कारण नाही, ज्याला सूचित अर्थ म्हणतात तो अनुमानानेच हाती येतो, असे त्याचे म्हणणे होते. काव्याच्या बाबतीत मराठी साहित्यविचाराने सामान्यतः आनंदवर्धनाची बाजू घेतली आणि ते योग्यही असेल. परंतु देहाच्या बाबतीत महिमभट्टच हवा. अनुमान म्हटले की हेतू दाखवावा लागतो, व्याप्ती सिद्ध करावी लागते आणि हेत्वाभास उघडा पाडता येतो. जे केवळ ‘सुचले’ आहे, त्याची उलटतपासणी करता येत नाही.

३

आता जखम नसण्याकडे वळता येईल. अभावाचे ज्ञान कसे होते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील एक जुना वाद आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानातील हेतूचे स्थान दिले. मतभेद असूनही एका अटीवर सर्वांचा भर आहे. प्रत्येक अनुपलब्धी अभाव सिद्ध करीत नाही. योग्य अनुपलब्धीच करते. उजेडात मोकळी जमीन दिसते आणि घट दिसत नाही, तेव्हा ‘घट नाही’ हे म्हणणे प्रमाण ठरते, कारण घट असता तर तो दिसलाच असता. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. पिशाच दिसले नाही म्हणून ते नाही असेही या न्यायाने सिद्ध होत नाही, कारण ते असते तरी दिसण्याजोगे नव्हते. ‘असते तर दिसलेच असते’ ही योग्यतेची कसोटी होय.

विदर्भात घडलेल्या आणि सबंध देशाच्या कायद्याचा इतिहास बदलणाऱ्या एका खटल्यात नेमकी ही कसोटी गळून पडली. तो मृत्यूच्या तपासाचा खटला नव्हता; तपासलेला देह जिवंत स्त्रीचा होता. परंतु इजांच्या अभावाचे वाचन कोणत्या थराला जाऊ शकते, हे त्याच्याइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार होती. खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या दिवशी झालेल्या वैद्यकीय तपासणीत तिच्या अंगावर इजेची खूण आढळली नाही. सत्र न्यायालयाने १९७४मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये तो निर्णय फिरविला; भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद त्या निकालाने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने आरोपींची पुन्हा मुक्तता केली. अंगावर खुणा नाहीत, यावरून प्रतिकाराची हकीकत खोटी ठरते आणि घटना शांततेत घडली, असे अनुमान या निकालात काढलेले आहे.

या अनुमानाची चिरफाड केली म्हणजे त्यात न उच्चारलेली एक व्याप्ती सापडते. संमती नसते तेथे प्रतिकार असतो आणि प्रतिकार असतो तेथे खूण असते, ही ती व्याप्ती. तिचे दोन्ही दुवे तुटके आहेत. रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची जागा आणि समोर गणवेषातील अधिकारी असताना एका मजूर आदिवासी मुलीचा प्रतिकार खूण उमटण्याइतका असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. मृतांच्या तपासातही हे तत्त्व सर्वमान्य आहे. तळहातावर आणि कोपराखालच्या हातावर बचावाच्या जखमा नसल्या, तरी तेवढ्यावरून हल्ला झालाच नाही असे कोणी म्हणत नाही. व्यक्ती झोपेत, बेशुद्धावस्थेत किंवा बांधलेली असू शकते. तिला बेसावध गाठलेले असू शकते. म्हणजे ही अनुपलब्धी अयोग्य होती. घट अंधारात होता.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सप्टेंबर १९७९मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. राजकीय निषेधाचा लेख म्हणून त्याची नोंद होते. ते समीक्षालेखही आहे. एका संहितेच्या वाचनातील गृहीतके दुसरी संहिता उघडी पाडते, हे समीक्षेचेच कार्य होय. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४ अ आले. कोठडीतील अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर न्यायालयाने ती नव्हती असेच मानावयाचे, अशी ही तरतूद आहे. २०१३मध्ये बलात्काराच्या व्याख्येतच स्पष्ट केले गेले की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याने संमती होती असे मानता येणार नाही. अनुपलब्धीच्या योग्यतेची अट प्रमाणशास्त्रातून कायद्याच्या कलमात यावयास एवढा काळ लागला.

४

यावर एक आक्षेप संभवतो. अभावाला अर्थ देऊ नये म्हटले, तर वाचकाला रिकाम्या जागेत हवे ते भरण्याची मोकळीक मिळणार नाही काय? महाराष्ट्रातील दोन खटले या आक्षेपाचा विचार करावयास उपयोगी पडतात. दोन्ही मृत्यूंत देहावर घाव नव्हता.

पहिला ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ हा, १९६०च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेला. नोव्हेंबर १९५६मध्ये पुण्याची एक विधवा एका डॉक्टरबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाली आणि सकाळी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात दाखल होऊन मरण पावली. देह बेवारस ठरला. शवविच्छेदन काही दिवस उलटल्यावर झाले. विष सापडले नाही. विष न सापडणे ही विष नसल्याची खूण मानावयाची काय? बहुमताच्या निकालाने तसे मानण्यास नकार दिला. अनेक विषे देहात माग ठेवत नाहीत; तेव्हा ही अनुपलब्धी योग्य नव्हे. परंतु निकाल तेवढ्यावर थांबला नाही. तिचे खोटे नाव सांगणे, मृत्यू लपविणे, ती जिवंत असल्याचा भास निर्माण करणारी पत्रे पाठविणे, तिची मालमत्ता बळकावणे अशी भावात्मक प्रमाणे त्याने जोडून घेतली. रिकामी जागा रिकामीच ठेवून तिच्या भोवतीची संहिता वाचली गेली. एका न्यायमूर्तींनी तरीही मतभेद नोंदविला, हे विसरता कामा नये.

दुसरा खटला ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा, जुलै १९८४च्या निकालाचा. जून १९८२मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. येथे विष सापडले होते. प्रश्न होता तो ते कोणाच्या हाताने गेले, हा. त्याचे उत्तर देहात नसल्यामुळे तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांकडे न्यायालये वळली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्या पत्रांत छळाची आणि पुढे झालेल्या खुनाची पूर्वखूण वाचली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांतच आत्महत्येकडे नेणाऱ्या खिन्न मनाचीही शक्यता वाचली. दोन वाचने संभवत असतील तर आरोपीला अनुकूल असलेले स्वीकारावयाचे, या नियमाने आरोपी सुटला. याच निकालात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे सांगितली गेली आणि त्यांचा आधार १९५२चा ‘हनुमंत गोविंद नरगुंदकर’ हा नागपूरकडचा खटला होता. तो खुनाचा नव्हता; एका पत्राच्या खरेखोटेपणाचा होता. त्यात १८३८च्या एका इंग्रजी खटल्यातील बॅरन आल्डरसन यांचा इशारा उद्‌धृत आहे. सुटे प्रसंग एकमेकांत बसविण्यात मनाला सुख वाटते, ते नीट बसत नसतील तर मन त्यांना थोडे ताणूनही घेते आणि जेवढे मन चतुर तेवढा हा धोका अधिक, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे.

साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने हा इशारा आपल्या टेबलावर लावून ठेवण्यासारखा आहे. कृतीची सेंद्रिय एकता शोधणाऱ्या समीक्षेचे सुख नेमके हेच आहे. साहित्यात संदिग्धता राखता येते, एम्प्सननंतर तर ती गुण ठरली. न्यायालयाला मात्र कोठेतरी थांबावेच लागते. म्हणून ते आपल्या वाचनासाठी एक कल आधीच जाहीर करते. समीक्षाही कल बाळगते. पण तो जाहीर करीत नाही.

५

यवतमाळ जिल्ह्यात मृत्यूचे वाचन करणाऱ्यांपुढे बहुधा येतो तो व्रणहीन देहच. कापसाच्या या प्रदेशात घरोघरी असलेले कीटकनाशक हेच मरणाचे साधन होते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने बाहुल्या आकसतात, तोंडाला फेस येतो, फुप्फुसे स्रावाने भरतात. घाव कोठेच नसतो. २०१७च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. विष त्वचेतून गेले, श्वासातून गेले की तोंडातून, यावर येथे अपघात आणि आत्महत्या यांमधील सीमा ठरते. पण बाहुल्या आणि फेस तिन्ही मार्गांनी सारखेच दिसतात. जठरातील विषाचे प्रमाण काही सांगते. तथापि तुंबलेले नोझल तोंडाने फुंकून मोकळे करणाऱ्याच्या पोटातही विष जातेच. आशयाचा, म्हणजे हेतूचा, रकाना देह स्वतः भरत नाही.

शेतकरी आत्महत्येच्या बाबतीत देहाचे वाचन संपल्यावर कागदांचे वाचन सुरू होते. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याच्या योजनेत जिल्हास्तरीय समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवीत आली. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा ही कारणे कागदोपत्री दिसावी लागतात. बँकेच्या किंवा परवानाधारक सावकाराच्या खात्यात कर्ज नसेल, तर कर्ज नव्हते असे वाचले जाते. सातबाऱ्यावर नाव नसेल, तर मृत व्यक्ती शेतकरी नव्हती. नातलगांकडून, दुकानदाराकडून, बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलेले पैसे कोणत्याच खात्यात दिसत नाहीत. शेतात आयुष्य घालविलेल्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. ज्या नोंदवहीत ती गोष्ट असती तरी उमटली नसती, त्या नोंदवहीत ती नाही म्हणून ती नव्हतीच, हा तर्क देसाईगंजच्या तर्काहून वेगळा नाही. एकात अंगावर व्रण शोधला गेला, दुसऱ्यात कागदावर. दोन्हीकडे अनुपलब्धीची योग्यता कोणी तपासली नाही.

६

आता मराठी समीक्षेचा प्रश्न. दलित आत्मकथनांच्या समीक्षेत वेदना, विद्रोह आणि अस्सलता या संज्ञा कसोट्यांसारख्या वापरल्या गेल्या. त्यामुळे एक प्रकारची वैद्यकीय तपासणीच सुरू झाली. लेखनात जखम किती, कोठे, किती खोल, हे पाहिले जाऊ लागले. जखम ठसठशीत दिसली तर लेखन अस्सल. संयत दिसली तर अनुभव सौम्य. या वाचनाची मर्यादा बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने दाखवून दिली आहे. ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलेले आणि १९८६मध्ये पुस्तकरूप झालेले हे आत्मकथन समाजाच्या भोगवट्याविषयी विलक्षण मोकळे आहे. सुनांच्या छळाची वर्णने त्यात विस्ताराने येतात. लेखिकेच्या स्वतःच्या संसाराविषयी मात्र ते जवळजवळ गप्प आहे. केवळ संहितेवरून निष्कर्ष काढणारा वाचक म्हणेल की हा संसार सुखाचा असावा. माया पंडित यांच्या २००८च्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की पती संशय घेत, मारहाण करीत. आणि हे लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. आपले भोगणे वेगळे का सांगावे, ते तर बहुतेक साऱ्याच बायकांच्या वाट्याला होते, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

येथे दोन चुका संभवतात. मुलाखत हाती आली म्हणून पुस्तकातील प्रत्येक सून म्हणजे लेखिकाच, असे वाचणे ही आल्डरसन यांनी सांगितलेली चूक. मन प्रसंग ताणून बसवू लागते. जखम संहितेत नाही म्हणून ती नव्हती, असे वाचणे ही देसाईगंजची चूक. यांमधली वाट अरुंद आहे. ज्या घरात लेखनच लपवावे लागते, त्या घराविषयीची जखम त्या लेखनात असती तरी दिसली असती काय, हा प्रश्न आधी विचारावयाचा. उत्तर नकारार्थी असेल तर मौनाला सुख म्हणावयाचे नाही आणि दुःखही म्हणावयाचे नाही. मौन म्हणून त्याची नोंद करावयाची आणि भोवतीच्या भावात्मक प्रमाणांकडे वळावयाचे. लागू खटल्याच्या बहुमताने हेच केले होते.

समीक्षेच्या चुकीने कोणी फासावर जात नाही की कोणाचे साहाय्य बुडत नाही, असे म्हणून हा विचार टाळता येईल. पण पंचनामा लिहिणारा पोलीस अधिकारी, त्यावर सही करणारा पंच, पात्र-अपात्र ठरविणारा अधिकारी यांनी वाचावयाचे कसे, हे कोठेतरी शिकलेले असते आणि त्यांपैकी अनेकांचे शेवटचे वाचनशिक्षण मराठीच्या वर्गात झालेले असते. तेथे त्यांना कवितेचा आशय सांगा, कवीचा हेतू सांगा, असे प्रश्न विचारले गेले. वर्णन कोठे संपले आणि मत कोठे सुरू झाले, हा प्रश्न विचारला गेला नाही. जे लिहिलेले नाही ते लिहिणे शक्य होते का, हाही विचारला गेला नाही. पंचनामा ही मराठीतील कदाचित सर्वाधिक लिहिली जाणारी गद्यसंहिता असेल, तरी तिचा अभ्यास मराठीच्या कोणत्याही परंपरागत साहित्यप्रकारात बसत नाही. तो सुरू करावयाचा झाल्यास पहिला धडा त्या ‘म्हणून’चा असावा. ‘इजा आढळून आली नाही’ या वाक्यानंतर पूर्णविराम आहे. त्यापुढचे वाक्य लिहिणाऱ्याने आपल्या नावाने लिहिले पाहिजे.